माळढोकाचा खर्च कोणाच्या नावे टाकला?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य वन्यजीव मंडळ

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात गावातली सात-आठ माणसं घरी आली. सोबत एक अर्ज होता, शाळेच्या वहीच्या कागदावर लिहिलेला. माझी सगळी नोकरी बँकेत पीककर्जाच्या टेबलावर गेली, त्यामुळे अर्ज 'जरा व्यवस्थित करून' द्यायचं काम निवृत्त झाल्यावरही माझ्याकडेच येतं. मजकूर दोन ओळींचा. माळढोक पक्षी आता राहिलेला नाही, तरी अभयारण्य उठवून आमच्या जमिनी मोकळ्या कराव्यात. खाली साठेक सह्या आणि अंगठे. माझ्या नावापुढची जागा मोकळी ठेवलेली.

मी म्हटलं, राहू द्या, वाचून ठेवतो. माणसं गेल्यावर बायको म्हणाली, "त्यात वाचायचं काय राहिलंय? मामंजींचे हाल विसरलात का?" विसरलो नाही, म्हणून तर त्या लोकांना नाही म्हणता आलं नाही. आणि सहीही करवली नाही. अर्ज अजून कपाटात आहे. मधल्या काळात हे पत्र लिहिलं. तुम्हाला लिहिलं, कारण हद्दी बदलायच्या शिफारशी तुमच्याकडून पुढे राष्ट्रीय मंडळाकडे जातात. आणि उघड लिहिलं, कारण बंद पाकिटातल्या पत्रांवर आवक क्रमांक पडतो आणि पुढे काय होतं, ते मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

आमचं गाव उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या बाजूला. माळढोक म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आठवी-नववीत असताना पहिला पाऊस झाल्यावर सकाळी बैलं घेऊन माळावर गेलो की नर दिसायचा. गळ्याखाली पांढरी पिशवी फुगवून, शेपूट वर करून उभा. लांबून वाटावं, कोणी बाभळीवर धोतर वाळत घातलंय. आवाज असा, की रिकाम्या रांजणात तोंड घालून कोणी हुंकार द्यावा. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला हूमच म्हणायची. नर दहा-पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या माळावर, गवताच्या आडोशाला. एकदा आमच्या वडिलांनी अशी बसलेली मादी पाहिली आणि तेवढा तुकडा सोडून पुढे औत फिरवलं. त्यात थोरपणा काही नव्हता. मुरमाड रान होतं, औताच्या दोन रेघा कमी पडल्या तर काय फरक पडणार होता! पण आज कोणी तसा तुकडा सोडेल का, असं विचाराल तर सोडणार नाही. का सोडणार नाही, हे सांगायलाच हे पत्र आहे.

आमची अकरा एकर जमीन. त्यातली चार एकर विहिरीखालची, सात एकर माळ. 1988 साली धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि वडिलांनी माळाचा तुकडा काढायचं ठरवलं. शेजारच्या गावचं गिऱ्हाईक तयार होतं, भाव ठरला, विसार झाला. दस्त करायला गेले तेव्हा त्या कार्यालयात सांगितलं गेलं, ही जमीन अभयारण्यात आहे, खरेदीखत होणार नाही. वडिलांनी विचारलं, "साहेब, अभयारण्य म्हणजे जंगल ना? आमच्याकडं तर बाभळीशिवाय झाड नाही." कोणी उत्तर दिलं नाही. देण्यासारखं उत्तर नव्हतंच.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या कलम 20 चा अर्थ असा, की अभयारण्याची अधिसूचना निघाली की त्या जमिनीत नवा हक्क मिळवता येत नाही. वारसाने मिळतो, तेवढाच. म्हणजे शेतकरी मेला तर जमीन पुढे जाते, जिवंतपणी विकता येत नाही. लग्नाची तारीख पुढे ढकलता येत नव्हती. शेवटी शंभराच्या स्टँपवर लिहून दिलं आणि ठरलेल्या भावाच्या निम्म्याहून कमी पैसे मिळाले. ज्याने घेतली तो बिचारा आजही सातबाऱ्यावर नाही. वडील गेल्यावर वारसाने तिथे माझं नाव लागलं. ज्या जमिनीचे पैसे बापाने घेतले, बहिणीच्या लग्नात खर्च केले, ती जमीन कागदोपत्री माझी आहे. अतिवृष्टीचं अनुदान आलं की माझ्या खात्यात येतं आणि मी ते काढून त्या घरी नेऊन देतो. उद्या मी नसलो आणि माझ्या मुलाने नाही दिलं तर? दोन घरांत एवढा घोळ उभा करून ठेवलाय, आणि ज्या पक्ष्यासाठी म्हणून हे सगळं झालं त्याला याचा काडीचा उपयोग झालेला नाही.

ही एका घराची गोष्ट. तिच्यामागचा आकडा मोठा आहे. 1979 साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होतं, सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून. अख्खं गोवा राज्य 3,702 चौरस किलोमीटरचं आहे. म्हणजे दोन गोवे मावून वर जागा उरेल एवढ्या मुलखावर, त्यातल्या गावांसकट, शेतांसकट, रस्त्यांसकट, नकाशावर एक रेघ ओढली. तीस वर्षं उलटून गेल्यावर ती हद्द 1,222 चौरस किलोमीटरवर आणली. वजाबाकी करा. 7,274 चौरस किलोमीटर जमीन इतकी वर्षं अडकवून ठेवायची गरज नव्हती, हे सरकारनेच कबूल केल्यासारखं झालं. बँकेत एखाद्या खातेदाराच्या नावावर चुकून बोजा चढला आणि नंतर तो कमी केला, तर मधल्या काळाचं निदान पत्र तरी देतात. इथे तेही नाही. आणि आमचा माळ उरलेल्यात राहिला.

तर पहिली तक्रार ही, की पक्षी वाचवण्याचा खर्च तुम्ही सबंध राज्याच्या नावे न टाकता कोरडवाहू खातेदारांच्या नावे टाकला. माळढोक वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, राष्ट्राचा ठेवा आहे, तर त्याचा खर्च राष्ट्राने करावा. ज्याच्याकडे सात एकर मुरूम आहे त्याने एकट्याने का? कायद्यातच जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांच्या हक्कांची चौकशी करून कोणाचे हक्क ठेवायचे, कोणाचे पैसे देऊन घ्यायचे ते ठरवण्याची तरतूद आहे. 2002 च्या दुरुस्तीनंतर तर हे काम शक्यतो दोन वर्षांत संपवा असं म्हटलंय. माझ्या वडिलांना हयातीत अशी नोटीस आली नाही. मलाही आलेली नाही.

दुसरी तक्रार त्याच्या उलट बाजूची आहे, आणि ती आमच्या गावातल्या लोकांना फारशी आवडणार नाही. माळाचा फायदा कोणाच्याच वहीत कधी लिहिला गेला नाही. महसुलाच्या भाषेत माळ म्हणजे पडीक. पडीक म्हणजे ज्यातून काही निघत नाही ते. पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात ज्या रानावर पवन्या, मारवेल, शेडा उगवतो, ज्याच्यावर धनगराची मेंढरं वर्षातले चार महिने निघतात, त्या मेंढरांचं खत पुढे ज्वारीच्या रानात पडतं, त्यातून काही निघत नाही म्हणायचं? आमच्याकडे रानात मेंढ्या बसवायच्या तर धनगराला धान्य द्यावं लागायचं, म्हणजे त्या खताला भाव होता. दुष्काळ पडला की सरकार छावण्या उघडतं आणि बाहेरून वैरण आणून जनावरं जगवतं. ती वैरण ज्या माळावर फुकट उगवत होती तो माळ मधल्या चांगल्या वर्षांत नांगरून टाकलेला असतो. छावणीच्या बिलात हे कुठे दिसत नाही.

सरकारकडे जंगलाची किंमत काढायचं एक सूत्र आहे, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. वनजमीन धरणाला, खाणीला, रस्त्याला द्यायची तर 'निव्वळ वर्तमान मूल्य' भरून घेतात. अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांच्या समितीने हे काम केलं आणि 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये असे दर मान्य केले. पुढे ते वाढले. दर कशावरून ठरतात? जंगलाचा प्रकार कोणता आणि झाडी किती दाट, यावरून. आता माळावर दाट झाडी कुठून आणायची? झाडं कमी असणं हेच तर त्याचं लक्षण आहे. म्हणजे चांगल्यात चांगला माळ या सूत्रात विरळ जंगल म्हणून तळाला बसतो. नापास विद्यार्थी नव्हे हो, विषयच वेगळा आहे त्याचा.

तरीही त्याच सूत्राने एक हिशेब करून पाहिला. अभयारण्यातली वनजमीन असेल तर दर पाच पट. म्हणजे 2008 चा सर्वांत खालचा दर धरला तरी हेक्टरी 21.90 लाख. शंभर हेक्टर अशी जमीन एखाद्या प्रकल्पाला गेली तर 21 कोटी 90 लाख रुपये सरकारजमा. आता समजा, अभयारण्यातल्या 10,000 एकर खासगी माळावर तुम्ही मालकांना सांगितलं, हा नांगरू नका, यात बोअर पाडू नका, गवत राखा, आम्ही एकरी वर्षाला 10,000 रुपये देऊ. वर्षाचे दहा कोटी होतात. म्हणजे शंभर हेक्टर माळ 'गमावण्याची' जी किंमत सरकारने स्वतः लावली आहे, तेवढ्यात चार हजारांहून अधिक हेक्टर माळ दोन वर्षं राखून होतो. गमावलेल्या माळाचा दर सरकारला ठाऊक आहे. राखलेल्या माळाचा दर शून्य. अशा दरपत्रकावर कुठला शहाणा माणूस माळ राखेल?

आता माझा स्वतःचा वाटा सांगतो, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील.

माळढोक शिकाऱ्यांनी संपवला, कुत्र्यांनी संपवला, असं म्हणतात. तेही झालं असेल. पण माझ्या डोळ्यांदेखत तो संपला कर्जाच्या तक्त्यावर. दरवर्षी जिल्ह्यात पीकवार कर्जदर ठरतात, एकरी किती कर्ज द्यायचं त्याचे. उसाला भरपूर, द्राक्षाला त्याहून भरपूर, ज्वारीला जेमतेम. माळाच्या गवताला काही नाही, तो रकानाच नव्हता. उजनीचं पाणी आलं, कारखाने उभे राहिले. नान्नज तर द्राक्षाचंच गाव. सोनाका आणि शरद सीडलेस या जाती इथल्याच नानासाहेब काळे यांनी काढलेल्या, त्याचा आम्हाला अभिमान आहे. माझ्या टेबलावर येणारा माणूस मुरमाड माळ फोडून, त्यावर गाळाची माती टाकून, बोअर आणि पाइपलाइनसाठी कर्ज मागायचा. परतफेडीची ताकद दिसायची. मी सही करायचो. त्या सह्यांबद्दल मला पश्चात्ताप होतो असंही नाही, त्या पैशांवर पोरं इंजिनिअर झाली. पण एका माळाच्या जागी बाग उभी राहिली की तिच्याभोवती लोखंडी अँगल, तारा, विजेचे खांब, रात्रीची पाळी, राखणीची कुत्री हे सगळं येतं. समोरचं नीट न दिसणारा, जड अंगाचा, पटकन वळता न येणारा पक्षी अशा रानात राहील कसा? त्याला ज्वारी, भुईमूग, हरभरा चालत होता. त्यातले नाकतोडे, भुंगेरे तो खायचा. कोरडवाहू शेती आणि शेजारी माळ, एवढंच त्याला हवं होतं. आणि नेमकं तेवढंच ठेवणं आम्हाला परवडेनासं झालं.

म्हणजे एका हाताने सरकारने जमीन विकायला बंदी केली आणि दुसऱ्या हाताने तीच जमीन फोडायला स्वस्त कर्ज दिलं. विकता आली असती तर एखाद्याने माळ तसाच ठेवूनही विकला असता. विकता येत नाही म्हटल्यावर फोडण्याशिवाय दुसरा मार्ग राहिला नाही. यात कोणा अधिकाऱ्याचा दुष्टपणा नव्हता. दोन खाती होती, एकमेकांशी बोलत नव्हती.

तिसरं, तुमच्या स्वतःच्या ताब्यातल्या माळाबद्दल. नान्नजला कुंपण घातलेले गवताचे पट्टे दुष्काळी भागाच्या विकास कार्यक्रमातून तयार झाले, आणि माळढोक टिकला त्यात त्यांचा मोठा हात होता, हे मान्य. पण तिथेच ग्लिरिसिडियाही लावला गेला. गवतावरच्या पक्ष्याच्या घरात झाडी लावायची, मग ती वाढली म्हणून पुन्हा काढायची! लावण्याचा खर्च आणि काढण्याचा खर्च, दोन्ही संवर्धनाच्या नावावर. मोकळी जागा दिसली की रोप लावायचं हे वेड अजून गेलेलं नाही.

चौथी तक्रार काळविटांची. माळढोक कमी झाले, काळवीट राहिले, आणि ते कुंपण ओळखत नाहीत. पेरणीनंतर पंधरा दिवसांनी हरभऱ्यात कळप शिरला की सकाळी शेंडे खुडलेले. भरपाई आहे, नाही असं नाही. पण तीन दिवसांत अर्ज करायचा आणि मग पंचनाम्याची वाट पाहायची. माझ्या शेजाऱ्याच्या रानात पंचनामा करायला माणूस आला तेव्हा हरभरा काढून झाला होता. त्याने मोकळं रान पाहून विचारलं, "नुकसान कुठाय?" गावात हा विनोद म्हणून सांगतात. तो शेजारी अर्जावर पहिला सही करणारा होता.

आणि धनगर. पट्ट्यांना कुंपण पडलं तेव्हा मेंढरं बाहेर राहिली. ज्यांच्याकडे सातबाराच नाही त्यांचा खर्च तर हिशेबात धरायची सोयच नाही. चोरून चराई होते, दंड होतो, पुन्हा चोरून चराई होते.

आता गावच्या लोकांना जे सांगायचं ते तुमच्यासमोर सांगतो. पक्षी नाही तर अभयारण्य उठवा, हे बोलायला सोपं आहे. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात करेरा म्हणून असंच अभयारण्य होतं, 1981 साली माळढोकासाठीच केलेलं. तिथेही शेतकऱ्यांच्या जमिनी अडकल्या, लोक पक्ष्यावरच डाफरायला लागले, नव्वदच्या दशकात माळढोक नाहीसे झाले, आणि अखेर अभयारण्याचा दर्जाच काढून घेण्यात आला. शेतकऱ्यांची जमीन सुटली, पण मधल्या वर्षांचं त्यांना कोण काय देणार? गुजरातेत कच्छला नालियाच्या बाजूला माळढोकाचं अभयारण्य आहे, जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं. तिथे आता नर उरलेला नाही. आमच्याकडे 8,496, तिकडे 2, आणि पक्षी दोन्हीकडून गेल्यात जमा. तेव्हा रेघ मोठी की छोटी यावर भांडून काही साधत नाही. रेघेच्या आतल्या माणसाला गवत राखणं परवडतं का, हे कोणी पाहिलं नाही.

राजस्थानात जैसलमेरला सम आणि रामदेवरा इथे माळढोकाची पैदास केंद्रं चालू आहेत. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्माला आलं. उद्या ही पिल्लं बाहेर सोडायची वेळ आली तर कुठे सोडणार? आमच्या माळावर तेव्हा ऊस असला तर प्रश्नच मिटला. बँकेत आम्ही तारण सोडण्याआधी खातं पाहायचो. इथे माळ सोडण्याआधी खातं उघडायचीसुद्धा तयारी दिसत नाही. शिवाय माळढोक नसला म्हणजे माळ रिकामा झाला असं नाही. लांडगा आहे, खोकड आहे, हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी येतात, धाविक आहे, चंडोल आहेत. यांच्यासाठी कोणी दुसरं अभयारण्य करणार आहे का?

तिकडे जैसलमेर-कच्छमध्ये माळढोक ज्यांवर आपटतात त्या विजेच्या तारांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2021 साली न्यायालयाने सुमारे 99 हजार चौरस किलोमीटर मुलखातल्या विजेच्या तारा शक्य तिथे जमिनीखाली घ्या म्हटलं. सरकार आणि वीज कंपन्यांनी खर्च मांडला, सौरऊर्जेचं काय होईल ते मांडलं. 2024 च्या मार्चमध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. निकाल कोणाला पटला, कोणाला नाही. पण दोन्ही बाजूंचा खर्च भर कोर्टात मांडला गेला, हे महत्त्वाचं. कंपन्यांकडे वकील होते म्हणून तो मांडला गेला. उत्तर सोलापूरच्या मुरमाड रानाचा खर्च मांडायला कोणी उभं राहिलं नाही, एवढाच फरक.

पर्यटनाबद्दल मुद्दाम लिहीत नाही. दिसत नसलेला पक्षी पाहायला गाड्या येतील आणि गावात हॉटेलं चालतील, हे आम्ही बैठकांमध्ये पुष्कळ वेळा ऐकलंय.

आमच्या, निदान माझ्या, मागण्या अशा :

1. हद्दीबद्दल कुठलीही नवी शिफारस करण्याआधी अभयारण्यातल्या प्रत्येक गावाचा गटवार हिशेब मराठीत जाहीर करा. किती माळ शिल्लक आहे, किती खासगी, किती सरकारी, कुठे ऊस गेला, कुठे गवत आहे. तो ग्रामसभेत वाचून दाखवा. संकेतस्थळावर टाकून मोकळे होऊ नका.

2. हक्कांची चौकशी तारीख लावून संपवा. शेती शेतीच राहणार असेल तर शेतकऱ्याने शेतकऱ्याला विकायला वाट द्या. कायद्यात ते बसत नसेल तर सरकारने बाजारभावाने जमीन घ्यावी. विकूही द्यायची नाही आणि घ्यायचीही नाही, हे थांबवा. 1979 पासून कागदाविना झालेल्या व्यवहारांसाठी एकदाच एक सोडवणुकीची मोहीम घ्या. माझ्यासारखे किती खोटे मालक या तालुक्यात आहेत ते तेव्हा कळेल.

3. जो खातेदार माळ राखेल त्याला एकरी वार्षिक भाडं द्या, निदान दहा वर्षांच्या कराराने, थेट खात्यावर. दर कोरडवाहू ज्वारीतून हातात जे उरतं त्याहून कमी नसावा आणि दर तीन वर्षांनी वाढावा. पैसे कुठून आणायचे हे विचारू नका. वनजमिनीच्या मोबदल्यात जमा होणारा निधी आहे, त्याने झाडंच लावली पाहिजेत असं नाही.

4. माळावर झाडं लावणं आणि चर खणणं बंद करा. शिल्लक गवताच्या पट्ट्यांवरून जाणाऱ्या तारा जमिनीखाली घ्या किंवा वळवा. आमचे पट्टे लहान आहेत, हा खर्च जैसलमेरसारखा अवाढव्य होणार नाही.

5. काळविटाच्या नुकसानीचा पंचनामा सात दिवसांत झाला नाही तर शेतकऱ्याने मोबाइलवर काढलेले फोटो पुरावा म्हणून धरा.

6. मेंढपाळांना विणीचा हंगाम सोडून पाळीपाळीने चराई द्या, आणि पट्ट्यांच्या व्यवस्थापनात त्यांचा माणूस घ्या. गवत कधी पिकतं आणि कधी जळतं हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

7. आणि एक सरळ प्रश्न, त्याचं सरळ उत्तर लेखी द्या. महाराष्ट्राला माळढोक परत हवा आहे का? हवा असेल तर कुठल्या माळावर, किती वर्षांत, किती पैसे बाजूला ठेवून. नको असेल तर तसं सांगा. म्हणजे निदान पक्ष्याच्या नावावर माणसं आणि माणसांच्या नावावर पक्षी, ही ओढाताण तरी संपेल.

दिवाळीनंतर ती माणसं पुन्हा येणार आहेत. अर्ज मी व्यवस्थित टाइप करून ठेवला आहे, मजकूर त्यांचाच ठेवला, एक शब्दही बदललेला नाही. माझ्या सहीची जागा अजून मोकळी आहे. तुमचं उत्तर त्याआधी आलं तर ते मी त्यांना वाचून दाखवीन.

आपला,
उत्तर सोलापूर तालुक्यातील एक खातेदार

ता. क. : पत्र लिहून संपवत होतो तेवढ्यात अतिवृष्टीच्या अनुदानाचा मेसेज मोबाइलवर आला. दुपारी पैसे काढून त्या घरी देऊन आलो. त्यांच्या मुलाने चहा पाजला आणि विचारलं, "काका, आमचं नाव कधी लागंल?"